उशीतला कापूस

सहा फुटी टाकीला लागणारा फिल्टर दुकानदारानं दाखवला, तेव्हा मी त्याला विचारलं, "यात मासे आंघोळ करून, अंग पुसून बाहेर येतात का? नाही, किंमत बघून वाटलं." तो हसला नाही. फिल्टर खोक्यात घालून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं गाळणीवर ऑपरेटर होतो. अख्ख्या शहराला पाणी गाळून पाजलं. आता एका माशासाठी तयार खोकं विकत आणू? चार लोकांत मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, हे कबूल. चार नंबरचा व्हॉल्व्ह उलटा फिरायचा आणि एका रात्रीत निम्म्या शहराचं पाणी टाक्यांतून परत आमच्याकडे आलं, ही माझी गोष्ट तर लोक दुसऱ्यांदा सांगायला लावतात. तो व्हॉल्व्ह उलटा मीच बसवला होता, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. इथंच पहिल्यांदा लिहितो. ड्यूटीवर दर तासाला वहीत नोंद करायचो; त्याच सवयीनं हेही जसं घडेल तसं लिहून ठेवतो आहे. वहीत मी थापा मारत नाही.

टाकी माझ्या धाकट्या बहिणीची. मी तिला लहानपणापासून 'चिमटी' म्हणतो, कारण ती चिमटे फार काढायची. साठी उलटली तरी खोड गेलेली नाही. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या मेव्हण्यांना, मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. हातपाय परत आले, वाचा आली नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. मग एकदा दाताच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना तिथल्या टाकीतल्या माशासमोर ते तासभर बसले आणि त्यांचे ओठ हलले. दवाखाना बंद व्हायचाच होता. डॉक्टरीणबाईंनी टाकी माशासकट देऊन टाकली.

मासा एकच. राखाडी, हातभर लांब, तोंडाची सारखी उघडझाप. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि तो वर येऊन हवा गिळायला लागला.

"दादा, हा गेला तर हे पुन्हा भिंतीला चिकटतील," चिमटी म्हणाली. "काहीतरी कर. थापा नंतर मार."

"मासा जगवीन. पण ह्यांना बोलतं करायचं माझ्या हातात नाही हं."

"मला भाषण नकोय यांचं. आम्ही दोघंच असलो की मला एक हाक मारायचे. तेवढी एकदा ऐकू दे."

ती हाक कोणती, हे भावानं विचारायचं नसतं. मी पाना शोधायला लागलो.

टाकीच्या काठावरून प्लास्टिकचा नळ उलट्या यू-सारखा वाकवून खाली सोडला. वरच्या तोंडाला जाळी. जाळीच्या भोकातून आगकाडी जाते, वाटाणा जात नाही. दोन्ही घालून पाहिलं. खाली स्टँडमध्ये रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या. पहिलीत गादीचा स्पंज, दुसरीत कापूस, तिसरीत विटेचे तुकडे आणि जुन्या कूलरचा पंप, तो पाणी परत वर फेकतो. अडलं ते कापसाशी. खरा कापूस पाण्यात कुजतो, नकली धागा लागतो. चिमटीनं मेव्हण्यांची जुनी उशी आणून दिली. आजारपणात ते चार महिने तिच्यावरच डोकं टेकून पडले होते. मी ती उसवून सगळी बादलीत कोंबली.

आठवड्यात पाणी असं निवळलं की टाकी रिकामी वाटावी. मेव्हणे खुर्ची ओढून समोर बसले.

नवव्या दिवशी झाकण उघडलं तर कापसावर एक निळं बटण. कोटाचं, चांगलं रुपयाएवढं. मी जाळी काढून पाहिली. धड होती. बटण भोकाला लावून पाहिलं. जाईना.

"तुझ्या हातून पडलं असेल बादलीत," मी म्हणालो.

"हे?" चिमटीनं ते उलटसुलट केलं. "हे यांच्या लग्नातल्या कोटाचं आहे. त्याच दिवशी हरवलं होतं."

तिनं ते मेव्हण्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शिंपी."

वर्षातला पहिला शब्द.

मग चार-पाच दिवसांनी सायकलची किल्ली निघाली. "उतार," ते म्हणाले. मग दुधाचा एक दात. तो हातात घेऊन ते म्हणाले, "आई." मी दरवेळी जाळी तपासत होतो, माप घेत होतो, वहीत वेळ टाकत होतो. भीती वाटली का, म्हणाल तर नाही. पुढं काय निघतंय याची मला अशी ओढ लागली होती की सकाळी चहा अर्धा टाकून मी बहिणीचं घर गाठायचो. दोन महिन्यांत अकरा शब्द झाले. हाक त्यात नव्हती.

आणि मग मी ती चूक केली. ती आमच्या खात्यातलाच माणूस करणार. चौतीस वर्षं आम्हाला एकच शिकवलं होतं, गाळणी काळी पडली की काढा, धुवा, बदला. माशाच्या टाकीत उलटं असतं. त्या काळ्या मळातच पाणी जिवंत ठेवणारं सगळं राहतं. एका दुपारी चिमटी बाजारात गेली असताना मी बादली उघडली, कापूस डांबरासारखा काळा दिसला आणि हाताला सवय होती. उचलला आणि मोरीत टाकून वरून नळ सोडला. जाताना त्यात काहीतरी चमकलं. बारीक, सोनेरी. मी हात घालेपर्यंत ते गेलं होतं.

चिमटीला मी हे सांगितलं नाही.

संध्याकाळच्या आत नवा कापूस हवा होता. घरी जाऊन मी माझी उशी उसवली, तीही नकली धाग्याचीच. वीस वर्षं तिच्यावर झोपतो आहे. निम्मा कापूस नेऊन बादलीत भरला.

तिसऱ्या दिवशी पितळी नट निघाला. आमच्या खात्याचा शिक्का असलेला. चिमटी खूश, म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. तिनं तो मेव्हण्यांच्या हातात दिला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सबंध वाक्य आलं. "चार नंबरचा व्हॉल्व्ह. मीच उलटा बसवला होता."

चिमटी हसायला लागली. "अहो, ती दादाची थाप आहे!"

मला हसू आलं नाही.

त्या दिवसापासून मेव्हण्यांची गाडी सुटली. दर दोन दिवसांनी काही ना काही निघायचं, ते त्यांच्या हातात जायचं आणि त्यांना पानभर बोलणं सुचायचं. शेजारी येऊन बसायला लागले. डॉक्टरांनी पाठ थोपटली. मला मात्र बोलता बोलता मध्येच थांबायला व्हायचं, जिन्यावर एक पायरी कमी निघावी तसं. वय झालं, म्हटलं.

काल पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा निघाला. बहीण स्वयंपाकघरात होती, म्हणून मीच तो मेव्हण्यांना दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि आत तोंड करून हाक मारली. तीन अक्षरं. कुणाला मारली, मला कळलं नाही.

बहीण ओल्या हातांनी धावत आली आणि दारातच थबकली.

"दादा, ही तर तुझी हाक आहे."

"माझी?"

"मग कुणाची? दुसरं कोण म्हणतं मला असं? तूच शिकवलंस ना यांना?"

"अगं, मी तुला असं कधी म्हणालो?"

"पुरे थापा." तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. दुखलं. का काढला, ते समजेना.

घरी येऊन वहीची मधली दोन-चार पानं चाळली. अक्षर माझंच आहे. त्यात एका बाईला जागोजागी एक नाव दिलेलं आहे. माझ्या हातचं आहे म्हणून खरं धरतो.

आज मी पंपाच्या बटणाकडे हात नेला. बहिणीनं मनगट धरलं.

"थांब ना रे दादा. सगळं आलं. माझी हाक तेवढी राहिली आहे. आता येईलच."

मोरीचं सांगायला तोंड उघडलं. काचेपलीकडे मासाही तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. दोघांनी मिटलं.

मी हात मागे घेतला. उशीत अजून निम्मा कापूस आहे. उद्या आणतो, म्हणालो.

निघताना बाहेरच्या खोलीत शेजारी जमले होते. मेव्हणे कुठल्याशा व्हॉल्व्हची गोष्ट सांगत होते. तो उलटा फिरतो आणि एका रात्रीत निम्म्या शहराचं पाणी परत येतं. लोक पोट धरून हसत होते. मीही दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकली आणि मनापासून हसलो.

फार छान गोष्ट होती. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.