मातृसंहिता

"नाही करणार, साहेब. चारशे माणसं आहेत खाणदालनात!"

चंद्रावरच्या कुमुद वसाहतीच्या वायुकक्षात रेणुका धुमाळ टेबलावर मूठ आपटून उभी राहिली.

"चारशे संपकरी," प्रशासक सबनीस म्हणाले. "हवा निम्मी केली तरी माज उतरत नाही. तासभर पूर्ण तोडा. त्यांची हवेची मागणी यादीतून काढली की झालं."

"यादी नाहीच मुळी."

"म्हणजे?"

"प्रत्येक दालनाची एक संहिता, म्हणजे यंत्राची आज्ञावली, आहे. दालनाचं यंत्र तिच्याकडे 'हवा' एवढंच मागतं. कुठल्या मागणीला कुठलं काम, हे इथे कुणी लिहून ठेवत नाही. संहिता स्वतःच्या आत डोकावते. माझ्यात या नावाचं काम आहे का? असलं, की करते. आम्ही त्याला आत्मदर्शन म्हणतो. काम लिहिलं, की हवेचं दार आपोआप उघडतं."

"आणि खोडलं, की बंद! मग खोडा."

"खोडायची किल्ली तुमच्याकडे. माझे हात फक्त लिहिणारे. निम्म्या हवेचं ते काम मागच्या आठवड्यात तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतलंत. जळाले का नाहीत हे हात!"

ध्वनिक्षेपकातून खाणदालनाचा आवाज येत होता. कुणी बाई लेकराला थोपटत गात होती. दोन शब्द, मग थांबा, पुन्हा दोन शब्द. शब्दालाही श्वास लागतो, आणि श्वास मोजून होता.

"ऐका जरा!" रेणुका ओरडली. "आणि नुसतं खोडून भागत नाही. या सगळ्या संहिता एकीच्याच लेकी आहेत. लेकीत सापडलं नाही, तर आत्मदर्शन आईच्या—"

"आई, मावशी! पुराण पुरे, धुमाळबाई. एक शब्द बोलू नका."

रेणुकाने तोंड उघडलं. मग मिटलं. साहेबांचा हुकूम होता.

सबनीसांनी किल्ली फिरवली. काम खोडलं गेलं.

खाणदालनाचे पंखे क्षणभर अडखळले. मग घुमले. काटा निम्म्यावरून चढत पूर्णावर जाऊन टेकला. ध्वनिक्षेपकातलं गाणं मध्येच तुटलं. कुणीतरी खोल, लांब श्वास घेतला.

"हे काय केलंत?"

"मी? तुम्ही केलंत. लेकीत सापडलं नाही, म्हणून आईत शोधलं गेलं. मातृसंहितेतही 'हवा' नावाचं काम आहे. वत्सला केंकरेबाईंनी वसाहत उभी राहिली तेव्हा लिहिलेलं. जितकी माणसं, तितकी हवा, अट नाही. माझं पापी काम त्यावर झाकण होऊन बसलं होतं. झाकण तुम्ही काढलंत."

"मग तेही खोडतो!" सबनीसांचा हात पुन्हा किल्लीकडे गेला.

"खोडा ना!" रेणुकाचे डोळे पेटले होते. "खाणदालन सोडून कुठल्याच दालनासाठी वेगळं काम कुणी लिहिलेलं नाही. या कक्षाचं यंत्रसुद्धा आत्ता, या घटकेला, त्याच आईकडे आपली हवा मागतंय."

सबनीसांचा हात किल्लीवरच थांबला.

"आणि नवं लिहायचं तर हात माझेच लागतील," ती खुर्ची ओढून बसली आणि तिने हाताची घडी घातली. "बसा, साहेब. श्वास घ्या."