पाऊल टाकण्याआधी

कुठं दुखतंय हे सांगताना माणसं थापा मारतात, त्यांचे बूट मारत नाहीत, असं थोरलीचं ठाम मत होतं. एकोणीस वर्षं ती फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवत होती. नवा पेशंट आला की त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी ती त्याचे बूट उलटे करायची. टाच बाहेरून झिजली असेल तर काय, अंगठ्याखाली झिजली असेल तर काय, सगळं तिला पाठ होतं.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं. दाराशी बुटांची मांडणी, मग बाकडं, भिंतभर आरसा, त्याच्यासमोर आधार धरून चालायच्या दोन समांतर दांड्या. पलीकडे प्लायवूडच्या पार्टिशननं केलेल्या दोन खोल्या. एकीत थोरली बसायची. दुसरीत आठ महिन्यांपूर्वीपर्यंत अडगळ होती. मग धाकटी आली.

धाकटीही फिजिओथेरपिस्टच. पण थोरली लोकांचे गुडघे वाकवत होती, तेव्हा ही गिर्यारोहकांच्या तुकड्यांबरोबर कुठल्या तरी कड्यावर दोराला लटकलेली असायची. एकदा पडली. डाव्या घोट्याचा चुरा झाला. डोंगरातल्या एका म्हातारीनं प्लास्टर नाही, औषध नाही, नुसते तळहात चाळीस दिवस त्यावर ठेवले. एक्स-रेत हाड असं बसलेलं होतं की थोरलीला खोट काढायला जागा सापडली नाही. तेच तिला झोंबलं.

एक खूण मात्र राहिली. धाकटीचं डावं पाऊल चालताना किंचित बाहेर पडायचं, आणि टेकण्याआधी क्षणभर हवेत थांबायचं. खाली जमीन आहे ना, असं विचारल्यासारखं.

"मी आता सांध्यावर नाही, अख्ख्या माणसावर उपचार करते," धाकटीनं आल्या दिवशीच सांगितलं.

"बरं. आधी अख्ख्या माणसाला नवे बूट घे. ते डोंगरातले माझ्या फरशीवर नकोत."

थोरलीनंच तिला पांढरे बूट घेऊन दिले. रोज ते घालून धाकटी वीस मिनिटं चालत यायची, मांडणीत ठेवायची आणि अनवाणी काम करायची. पेशंटच्या तळपायांना तळहात लावून बसायची. झोप कशी लागते, पहिल्यांदा कधी पडलात, असलं काहीबाही विचारायची. पार्टिशनपलीकडून पावलं ऐकू यायची. थप... थांबून... थप.

महिन्याभरात बाकड्यावरची माणसं त्या दाराकडे तोंड करून बसू लागली.

"बाई, राग मानू नका," पोस्टमन म्हणाला. त्याचा उजवा घोटा थोरलीनं सहा महिने सांभाळला होता. "मला आपल्या धाकट्या मॅडमकडंच द्या."

"राग कसला? माझा हात तेवढा मोकळा झाला," थोरली हसून म्हणाली, आणि दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालत बसली.

चार बैठकांत पोस्टमन बरा झाला. दांड्यांमधून हात सोडून चालून दाखवलं त्यानं. थोरली आरशात बघत होती. उजवा घोटा झकास. पण डावं पाऊल किंचित बाहेर पडलं. हवेत थांबलं. मग टेकलं.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाला. त्याचा खुबा दुखायचा. मग भूगोलाच्या निवृत्त बाई, मणक्याच्या दुखण्यानं वाकलेल्या. सगळे बरे, सगळ्यांचं पाऊल थांबून टेकणारं. थोरलीनं मांडणीतले बूट उलटे केले. अकरा जोड. अकराही जोडांची डावी टाच बाहेरच्या कडेला झिजलेली. धाकटीचे पांढरे बूट तेवढे तिनं उचलले नाहीत. तिला पेशंटसारखं तपासायचं म्हणजे तिच्याकडे बघण्यासारखं काही आहे, हे कबूल करायचं.

"सगळे तिच्यासारखे चालायला लागलेत," थोरली स्वतःशीच पुटपुटली.

"बरे झालेत ना, ताई?" आवाज अगदी कानामागून आला.

थोरली दचकली. "कधी आलीस? पाऊल वाजलं नाही."

"आत्ताच," धाकटी म्हणाली.

घरी आईला सांगून पाहिलं. आईनं शांतपणे ऐकलं.

"तू जळतेस तिच्यावर," ती म्हणाली. "लहानपणापासून."

खोटं नव्हतं. धाकटी उशिरा यायची म्हणून आई खिडकीत उभी राहायची. थोरली नेहमी वेळेवर यायची, म्हणून तिच्यासाठी कुणी कधी उभं राहिलं नाही. फक्त तीन वर्षं आईचा गुडघा तिचा होता. रोज सकाळी अर्धा तास. आईची सपाता घासत येणारी चाल, सप्, सर्र, सप्, सर्र, ती झोपेतही ओळखायची.

"उद्या मी धाकटीला दाखवणार गुडघा."

"आई, पंधरा दिवस दे मला अजून. तुझी चाल जाईल गं."

"लंगडी चाल ती. जाऊ दे की!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पार्टिशनपलीकडे गेली. थोरली आपल्या खोलीत नुसतीच बसून राहिली. तासाभरानं पावलं ऐकू आली.

थप... थांबून... थप.

धाकटी येतेय, असं वाटलं तिला.

दार उघडलं. आई होती.

"बघ! दुखतच नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा पोरीसारखा झाला होता. थोरली सप्, सर्रची वाट बघत राहिली. ते आता जगात कुठंच नव्हतं.

आईच्या मागे धाकटी उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"ताई, ये ना," ती हळूच म्हणाली. "तू एकटीच राहिलीस."

थोरलीला सगळं कळत होतं. पण सगळ्यांना मिळालं होतं. पोस्टमनला, बेकरीवाल्याला, आईला. आयुष्यभर जिच्या मागे सगळे वळून बघायचे, त्या धाकटीची चाल सगळ्यांना मिळाली होती, थोरलीला सोडून.

तिनं बूट काढून मांडणीत ठेवले. आत जाऊन पाठीवर आडवी झाली.

तळपायांना तळहात लागले. ऊब होती. वजन नव्हतं.

उठली तेव्हा खोलीत ऊन कलंडलेलं होतं. ती बाहेर आली. डावं पाऊल हवेत थांबलं. टेकलं.

बाकड्यावरून आई कौतुकानं बघत होती. "अगदी धाकटी!"

थोरलीला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ती बूट घ्यायला वाकली. शेजारीच पांढरा जोड होता. हात लागून त्यातला एक उलटा झाला.

आठ महिने रोज घातलेला बूट. तळाच्या रेघा कोऱ्या होत्या. दुकानातली नंबराची चिठ्ठी तळाला जशीच्या तशी चिकटलेली होती.

"अगं," तिनं पार्टिशनकडे बघून हाक मारली. "निघायचं ना?"

"आले गं," आतून आवाज आला.

पावलांचा आला नाही.