स्वच्छ केलेला समुद्र

आधीच सांगते, यात पदरचं काही नाही. रंगवून सांगणं मला जमतही नाही. माझं काम पुसण्याचं आहे.

जुन्या सिनेमांच्या रिळांवर धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग असतात. रीळ कॉम्प्युटरवर घेतात आणि मी एकेक फ्रेम साफ करते. मग डीव्हीडी निघते आणि लोक घरी बसून म्हणतात, काय लख्ख दिसतंय. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. डोळ्यांची पार वाट लागते.

आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, त्यामुळे तिथे दिवस काय नि रात्र काय, सारखंच. पण हे सुरू झालं तेव्हा मंगळवार होता आणि दुपारचे सव्वातीन वाजले होते.

त्या महिन्यात आमच्याकडे एक गाजलेला समुद्रसफरीचा सिनेमा आला होता. चोपन्न वर्षं जुना. शिडाचं जहाज, चाचे, तलवारी, सगळा मालमसाला. डीव्हीडीवर पहिल्यांदाच येणार होता.

आमच्या घरात त्या सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती.

कारण माझा मामा त्यात होता. हिरोबिरो नाही. दोर ओढणाऱ्या चाळीस खलाशांपैकी एक. एकोणीस वर्षांचा. पंधरा दिवसांचं शूटिंग म्हणून घरातून निघाला, तो परत आलाच नाही. कंपनीचं पत्र आलं, काम अर्धवट टाकून न सांगता निघून गेले म्हणून. आजोबांनी त्याचे होते नव्हते तेवढे फोटो फाडून टाकले. आई तेव्हा बारा वर्षांची. भावावर तिचा भारी जीव.

"मला तरी सांगून जायचं," एवढंच ती म्हणायची. चोपन्न वर्षं तोच राग धरून बसली होती.

पण हे काम माझ्याकडे आलंय म्हटल्यावर तिने भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तो कुठे दिसला तर सांगशील? चेहरा विसरत चाललेय मी."

"सांगेन की," मी म्हटलं.

मंगळवारी वादळानंतरचा सीन आला. हिरो सुकाणूपाशी उभा, मागे मोकळा समुद्र. उजव्या कोपऱ्यात पाण्यावर एक काळा ठिपका.

धूळ एका फ्रेमवर असते, पुढच्या फ्रेमवर नसते. मशीन तेवढ्यावरूनच तिला ओळखतं आणि पुसतं. जे प्रत्येक फ्रेमवर असतं ते मशीनला खरं वाटतं. हा ठिपका मशीनने सोडून दिला.

मला वाटलं, लेन्सवरचा डाग असेल. पण लेन्सवरचा डाग जागचा हलत नाही. हा लाटांबरोबर वर-खाली होत होता.

मला ते दिसलं होतं. खोटं कशाला बोलू.

पण सहाच्या आत काम हातावेगळं करायचं होतं. मी ठिपका हाताने पुसला. एकेक करत दोनशे बारा फ्रेम. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा, समुद्र कसा आरशासारखा झालाय." संध्याकाळी ती फाइल डिस्क छापायला गेलीसुद्धा.

बुधवारी मी सहज तो सीन उघडला...

ठिपका होता.

म्हटलं, आपल्या मशीनवर सेव्ह करायचं राहिलं असेल. पुन्हा पुसला. सेव्ह केलं, दोनदा तपासलं आणि घरी गेले.

गुरुवारी पुन्हा उघडला...

ठिपका मोठा झाला होता.

मी तेवढाच भाग मोठा करून बघितला. तो ठिपका नव्हताच. माणसाचं डोकं होतं. आणि पाण्याबाहेर काढलेला एक हात.

जहाज पुढे चाललंय. हिरो हसतोय. आणि मागे तो हात... वर... खाली... पुन्हा वर.

माझ्या मशीनचा पंखा दिवसभर घरघरत असतो. तो ऐकू येईना. वरच्या मजल्यावरची पावलं ऐकू येईनात. माझा श्वाससुद्धा मला ऐकू येत नव्हता.

दार उघडलं तशी मी दचकले. आमचा साऊंडवाला होता. त्याचे कान इतके तिखट की आम्ही त्याला कानसेनच म्हणतो. एरवी आल्या आल्या माझी फिरकी घेणारा माणूस, पण आज तोंड उतरलं होतं.

"त्या सुकाणूच्या सीनमध्ये कोणीतरी हाक मारतंय," तो म्हणाला. "डिस्क गेल्यावर उरलेली खरखर सहज काढून बघितली, तर खाली आवाज सापडला."

"असेल एखादा खलाशी."

"अगं, तो सीन मुका शूट झालाय. समुद्रावर माइक नेलाच नव्हता. लाटांचा आवाजसुद्धा नंतर स्टुडिओत टबात पाणी ढवळून केलाय. मग हा आला कुठून?"

मी त्याचा हेडफोन कानाला लावला. लाटा. वारा. मग खूप लांबून...

"ठमे..."

आई लहानपणी गुबगुबीत होती, म्हणून मामा तिला ठमी म्हणायचा. तो गेल्यावर तिने ते नाव कोणाला घेऊ दिलं नाही.

"ए ठमे..."

कानसेनने पुन्हा लावलं, तेव्हा नुसत्या लाटा होत्या.

आम्ही दोघांनी मूळ रीळ काढलं, दिव्यावर धरलं, भिंग लावलं. तिथे तो होता. मी मंगळवारी बघितला होता तेवढाच, बारीक. इतकी वर्षं थिएटरात लोकांनी तो बघितला आणि रिळावरचा डाग समजून सोडून दिला.

मामा कुठेही निघून गेला नव्हता. तो जहाजावरून पाण्यात पडला होता. कॅमेरा हिरोवर होता आणि मागे वळून कोणी बघितलं नाही. तो दिसत होता अशी जगात एकच जागा उरली होती. लोकांपुढे जाणाऱ्या डिस्कवरून तीच मी पुसली.

मी साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "डिस्क छापून झाल्या. आता एका ठिपक्यासाठी सगळं परत करू?"

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "दिसला का गं?"

"नाही," मी म्हटलं. "एवढ्या गर्दीत कोण ओळखू येतंय."

आयुष्यात आईशी इतकं वाईट खोटं मी कधी बोलले नाही.

डिस्क घरी आली तेव्हा आई स्वतःहून म्हणाली, "लाव." भर दुपार होती. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसली. सुकाणूचा सीन आला आणि मी उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. समुद्र स्वच्छ होता. कोपऱ्यात काही नव्हतं. माझंच काम, मी ओळखते.

आई पुढे वाकली...

"हा काय," ती हळूच म्हणाली.

"कुठे?"

"हा काय, पाण्यात. हात वर करतोय बघ." तिने काचेवर बोट ठेवलं. नेमकं त्याच जागी. "पळून नव्हता गेला गं तो. मी उगाच इतकी वर्षं बोल लावला त्याला."

मग ती खूप रडली. मीही रडले. पण मला तिथे फक्त पाणी दिसत होतं.

त्याला आता चार महिने झाले. आई रोज दुपारी तो सीन लावते. कधी म्हणते, आज जरा जवळ आलाय. कधी म्हणते, चेहरा आता नीट दिसतो, अगदी माझ्या बाबांचं नाक. तिचा राग गेला. ती जेवते, नीट झोपते. मी काय पुसलं ते मी तिला सांगितलेलं नाही.

काल मी चहा घेऊन गेले, तेव्हा सीन संपत आला होता. आईने कप घेतला नाही. ती आळीपाळीने पडद्याकडे आणि माझ्याकडे बघत होती.

"आज त्याने हात वर केला नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे बघितलंही नाही. तू आत आलीस ना, तेव्हापासून तो तुझ्याकडेच बघत होता."

मी कप खाली ठेवला.

"तेव्हा तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता," आई म्हणाली. "मग तुला कसा ओळखतो गं तो?"