वजदीची शेवटची वही

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण हे घडलंय. अलेक्झांड्रियात, आमच्याच गल्लीत. सौसनने स्वतः मला सांगितलं.

सौसन व्हायोलिन वाजवायची. वजदी वीस वर्षं तिला साथ करणारा वादक.

सौसनची मुलगी अकरा दिवस जगली. त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही. तिने फक्त एक धून बांधली. शब्द नसलेली.

ती ऐकली एकट्या वजदीने. तो ढसाढसा रडला होता.

"हे कुणाला ऐकवू नकोस सौसन," तो म्हणाला. "लोकांची लायकी नाही."

तिने ऐकलं त्याचं.

फेब्रुवारीत वजदी गेला. चाळिसाव्या दिवशीच्या दुखवट्याला त्याचं घर माणसांनी भरलेलं. रिवाजाप्रमाणे बिनसाखरेची कॉफी फिरत होती. वजदीची बायको इन्शिराह हिने एक वही उघडली.

"ह्यांची शेवटची रचना," ती म्हणाली, आणि तिच्या भावाने ती वाजवली.

पहिल्याच सुराला सौसनच्या हातातला कप कलंडला.

तिचीच धून होती ती... तिच्या लेकीची. खाली सही वजदीची!

"किती सोसलं असेल गं माणसाने!" शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली.

सौसन उठली.

घरी येऊन तिने खिडक्या लावून घेतल्या. बाहेर समुद्रावरचा वारा घोंघावत होता. वजदीच्या तोंडावर तिला जे म्हणायचं होतं, ते सगळं तिने व्हायोलिनवर काढलं. 'चोरा' म्हणणारी नवी धून. खरखरीत, तुटक.

थांबली, तेव्हा वारा बंद झाला होता.

आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीत... कागदावर टाक फिरल्याचा आवाज.

दार उघडलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्शिराहचा फोन आला.

"अगं, वहीत अजून एक सापडली! शेवटच्या पानावर. काल तर ते पान कोरं होतं गं..."

"अक्षर कुणाचं?"

"ह्यांचंच. पण सौसन... शाई ओली आहे."

"कशी आहे धून?"

इन्शिराहने गुणगुणून दाखवली. खरखरीत. तुटक.

सौसनने त्याच दिवशी व्हायोलिन पेटीत घालून कुलूप लावलं. मेल्यावरही हा माणूस सोडत नाही, तर वाजवायचंच कशाला?

तीन आठवडे शांत गेले.

मग एका सकाळी लसूण सोलताना तिला चार सूर सुचले. फक्त मनात. तिने ओठसुद्धा हलवले नाहीत.

फोन वाजला.

"इन्शिराह? बोल ना."

पलीकडे नुसता श्वास...

मग इन्शिराह रडत रडत तेच चार सूर गुणगुणायला लागली.

आता सौसनच्या घरात दिवसभर रेडिओ कर्कश वाजत असतो. गल्ली तिला शिव्या घालते. मी नाही घालत.

मनात स्वतःचं काही उमटू नये, म्हणून लावते ती.