रांगेतली पाटी

"ही पाटी कोनी हलवली?"

घटस्थापनेच्या सकाळी, पनवेलच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानासमोर हा प्रश्न इतक्या जोरात आला की रांगेतल्या दोघा-तिघांनी उगाचच आपापले खिसे चाचपले. विचारणारी कीर्ती कमरेवर हात ठेवून उभी होती. रागावली की तिच्या उजव्या गालावर खळी पडायची. तिला हे माहीत नव्हतं आणि त्या क्षणी कुणी सांगितलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

पाटी म्हणजे मासळीची पाटी. रिकामी, घासून धुतलेली... तरी वास लपतोय थोडाच! दुकान उघडायच्या आधी कीर्तीने ती रांगेत ठेवली, पुढच्या बाईंना "येते हां" म्हणाली आणि उरण नाक्याच्या बाजारात आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला गेली. यात तिला काहीच चुकीचं वाटलं नाही. कोळीवाड्यातल्या नळावर रांग माणसांची नसते, हंड्यांची असते. हंडा ठेवला की नंबर लागला. मग धनीण भात शिजवू दे नाहीतर शेजारणीशी भांडू दे, तिच्या हंड्याला कुणी बोट लावत नाही.

परत येऊन बघते तर पाटी पायरीखाली, कचऱ्याच्या डब्याला टेकलेली. आणि तिच्या जागी इस्त्रीच्या शर्टातला एक उंच तरुण.

"मी हलवली," तो म्हणाला. "कुणीतरी टाकून दिली असेल असं वाटलं. वास येत होता ना..."

"वास? ती पाटी नाय, माजा नंबर हाय तो."

"अहो, पाटीचा कसा नंबर? माणूस उभा राहतो रांगेत."

"तुज्या घरी चोवीस तास नल असंल. म्हनून तुला ठावं नाय."

होता. त्याचं नाव उदयसिंह, राहायला खांदा कॉलनीत, नोकरी कंटेनर यार्डाच्या ऑफिसात. आयुष्यात त्याने पाण्यासाठी कधी हंडा उचलला नव्हता. तो गोंधळून मागे सरकणार, तोच मागचे लोक ओरडले, "ओ, मध्ये कुणाला घेऊ नका हां!" आणि तो तिथेच उभा राहिला. हीच त्याची चूक. चुकून हलवलेली पाटी एकवेळ माफ झाली असती, पण कळल्यावरही तो हलला नाही.

खरं तर त्या दिवशी अख्ख्या रांगेचीच अक्कल गहाण पडली होती. स्वस्तातला, भारी कॅमेऱ्याचा तो नवा फोन पुरणार नाही, असं पेपरात आलं आणि शहाणीसुरती माणसं पिसाळली. एकाने मेहुण्याला, आत्याला आणि आत्याच्या भाडेकरूला रांगेत उभं केलं होतं. दुसरा तीन दुकानांत बुकिंग करून चौथ्यात आला होता. साखर संपणार म्हटल्यावरसुद्धा कुणी असं वागत नाही.

दुकानाच्या भावेशशेठने शटरखालून डोकं बाहेर काढलं आणि उदयसिंहच्या खांद्यावर हात ठेवला. "यांच्यापर्यंत. बाकीच्यांनी दुसऱ्या लॉटला या."

म्हणजे कीर्तीचा फोन त्याला मिळाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोका घेऊन तो बाहेर येईपर्यंत ती पायरीशी थांबली.

"तुजा जुना फोन फुटलाय?"

"नाही."

"चोरीला गेला?"

"नाही... चांगला आहे तसा."

"मग क्याला घेतला?"

त्याने खोक्याकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःलाही दिलं नव्हतं. "सगळे म्हणत होते, मिळणार नाही. म्हणून..."

एवढं बोलून त्याची मान खाली गेली. कीर्तीला मात्र फोन कशाला हवा होता, ते पक्कं ठाऊक होतं. तिची आई, दमयंती, डोक्यावर पाटी घेऊन खांदा कॉलनीचे जिने चढायची आणि तिचे गुडघे आता जिना म्हटलं की रडायचे. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या होत्या, फोटो पाठव, आम्ही घरूनच ऑर्डर देतो, गेटवर येऊन नेतो. पण कीर्तीच्या जुन्या फोनमध्ये ताजं पापलेटसुद्धा आठवड्याचं शिळं दिसायचं. एकदा घट उठले की उपास सुटलेली कॉलनी मासळीवर तुटून पडणार. त्याआधी फोन मिळाला तरच आईचे जिने सुटणार होते.

तिने यातलं एक अक्षरही त्याला सांगितलं नाही. पाटी उचलली आणि तरातरा निघून गेली.

सांगितलं ते दमयंतीने. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या गेटपाशी उदयसिंह त्या पाटीवाल्या मुलीला शोधत आला, तेव्हा भरल्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात तिने त्याला सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट. त्याने न उघडलेला खोका कीर्तीपुढे धरला. "घ्या. दुकानात दिले तेवढेच द्या, वर काही नको."

"नको."

"कीर्ते, घे ना गो," दमयंती म्हणाली.

"आय, तू गप. याने माजा नंबर घालवला, तो पायजे मना. दान नको." मग त्याच्याकडे वळून, "आमच्या कोलीवाड्यात दुसऱ्याचा हंडा हलवला ना, तर हलवनाऱ्याने तो भरायचा. रांगेत उभं राहून. आनि डोक्यावर घेऊन तिच्या दारात ठेवायचा. सगल्यांच्या देखत."

"बरं," तो म्हणाला.

"काय बरं?"

"पाटी द्या. दुसऱ्या लॉटला मी उभा राहतो."

तिने त्याला निरखून पाहिलं. त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्याचे डोळे बरे आहेत, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याचाही तिला राग आला.

दुसरा लॉट नवरात्राच्या शेवटी आला. उदयसिंहने रजा टाकली आणि पाटी पुढ्यात ठेवून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. लोक नाकाला रुमाल लावून हसत होते. "साहेब, फोन घेताय की बोंबील?" कुणीतरी म्हणालं. तो उत्तर देत होता, "ही एका बाईंची जागा आहे. मी नुसता राखतोय." प्रत्येकाला तेच, न चिडता.

दुपारी परतीचा पाऊस आला. छत्रीवाले सोडून बाकी रांग आडोशाला पळाली. जागा सोडायची नाही म्हणून त्याने पाटी उलटी करून डोक्यावर घेतली. कीर्ती समोरून रिक्षातून येत होती. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटलेला, पाटीच्या कडेवरून पाणी खांद्यावर ओघळतंय आणि हा बाबा अजून कुणाला तरी समजावतोय की जागा एका बाईंची आहे. तिला हसू आलं. ती चिडली, तोंड फिरवलं, पुन्हा पाहिलं... आणि पुन्हा हसू आलं.

"सरदी होईल," रिक्षातून उतरून ती म्हणाली.

"होऊ दे. नंबर पहिला आहे."

तिने पैसे भरले, फोन घेतला. नियमाप्रमाणे तो पाटीत ठेवून उदयसिंह कोळीवाड्यापर्यंत चालत आला. नळावरच्या बायकांनी भांडी खाली ठेवून ती वरात बघून घेतली. दारात पाटी उतरवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही हात जरा उशिराच काढले.

त्यानंतर कॉलनीच्या गेटवर रोज सकाळी ऑर्डरी वाटत कीर्ती उभी राही आणि रोज सकाळी ऑफिसला जाताना उदयसिंह थांबे. "आज काय ताजं?"

"सगलंच ताजं. तुला वलखता येतं का काय?"

"सुरमई ओळखतो."

"हा बांगडा हाय."

"बरं, बांगडा द्या."

दिवाळी झाली. ज्या फोनसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली होती, तो आता बाजारात प्रत्येक दुकानात रचून ठेवला होता, वर कव्हर फुकट. कुणी ढुंकून बघत नव्हतं. उदयसिंहच्या खोक्यातला फोन त्याच्या आईकडे गेला होता, ती त्यावर कुकरच्या शिट्ट्यांचा गजर लावायची. कीर्तीच्या आईचे जिने मात्र खरोखरच सुटले होते.

आणि मग एका सकाळी दमयंती आपल्या भसाड्या आवाजात गेटवर बोलली की उरणचं स्थळ आलंय, दोन बोटींचे मालक, रविवारी बघायला येणार. उदयसिंह तिथेच उभा होता. त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. दमयंती सुट्टे आणायला गेली, तसा तो जवळ आला.

"कीर्ती, मला... मला तुझ्याशी लग्न करायचं आहे."

तिच्या छातीत धडधडलं. हेच ऐकायची वाट ती किती दिवस बघत होती. पण हेच, आज? स्थळ आल्याचं कानावर पडल्या-पडल्या? धडधड थांबायच्या आत राग वर आला, आणि यावेळी तो रागाहून जास्त होता, तिला रडू येत होतं.

"आज सुचलं होय? येवढे दिवस तोंड शिवलं व्हतं? उरनचा येतो म्हनल्यावर लगेच रांगेत उभा राह्यला. तुजा स्वभावच हाय तो. संपनार म्हनतात तेच तुला पायजे. फोन पन तसाच घेतलास, बघितला पन नाय परत. मी काय फोन हाय?"

उदयसिंह आजवर तिच्यावर कधी चिडला नव्हता. हंड्याचा नियम, पाटीचा वास, नळावरच्या बायका, सगळं त्याने हसत सोसलं होतं. आता त्याचा चेहरा लाल झाला. त्याने पिशवी कट्ट्यावर आदळली.

"हे बोलू नकोस. हे अजिबात बोलायचं नाही." आवाज इतका चढला की वॉचमन उठून उभा राहिला. "तू कुठे संपत होतीस गं? रोज सकाळी इथेच असतेस. पावसात, थंडीत, शनिवारी, एकादशीला. तुझ्यासाठी धावपळ करायचं कारण काय होतं मला? तरी मी रोज आलो की नाही? यार्डाची बस रोज चुकते माझी, साहेबाच्या शिव्या खातो. आणि ऐक, आमच्या घरात मासे कुणी खात नाही. मीसुद्धा नाही."

"मग येवढे मासे..."

"विचार याला."

वॉचमन काळूराम खाली मान घालून पुटपुटला, "बाई, बांगडा जरा कमी देत जा यांना. घरी पोरं कंटालली."

 उदयसिंह अजून धुसफुसत होता, बोलायचं राहिलेलं अजून बरंच होतं. "आधी बोललो नाही ते घाबरून. तुझ्या तोंडाला कोण घाबरत नाही? पण हपापून आलो म्हणू नकोस. उरणचा माणूस लाख चांगला असेल, त्याला हो म्हण, मला नाही म्हण... पण ते खोटं आहे, ते म्हणायचं नाही."

त्याचा श्वास फुलला होता. आपल्यावर कुणी इतकं मनापासून चिडू शकतं, हे कीर्तीला पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या मनात शंकेला जागाच उरली नाही. डोळे भरून आले आणि ते लपवायला ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

"मग कॉलनीला क्याला सांगतोस? रविवारच्या आधी घरी ये. आयला इचार, बाबाला इचार. आनि आईला घेऊन ये तुज्या."

"येतो," तो तितक्याच रागाने म्हणाला. "उद्याच येतो."

"ये. वरन-भात करते."