निळ्या काठाचं ताट

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. पण आमच्या नात्यातल्या बायका अजूनही जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, गेलेल्यांच्या फातेहाची ताटं मांडण्याआधी मोजतात... आणि मांडून झाल्यावर पुन्हा मोजतात.

१९६३ चा जानेवारी. बर दुबई. खाडीपासून हाकेच्या अंतरावरचं घर.

शब-ए-बरातीची संध्याकाळ.

घर रत्नागिरीकडच्या माणसांचं. कमरुद्दीन खाडीवरच्या एका वखारीत कारकून. त्याची बायको खैरुन्निसा, म्हातारी आई मैमुनाबी. धाकटा भाऊ अन्वर एका स्कॉटिश इंजिनिअर साहेबाची गाडी चालवायचा, आणि अन्वरची बायको बिलकीस त्याच साहेबाची मुलं सांभाळायची.

खैरुन्निसाची नजर म्हणजे तराजू. सुरमईचा मधला तुकडा कुणाच्या ताटात गेला, सासूने कुणाला आधी हाक मारली, पाहुण्यांनी कुणाकडे बघून मान डोलावली... सगळं तिच्याकडे जमा. बोलायची नाही. विसरायचीही नाही.

त्यातली सगळ्यात मोठी नोंद ईदची होती. साहेबाची मेमसाब मुलांना घेऊन जेवायला आली होती. पहाटेपासून चुलीशी खैरुन्निसा. बिलकीसने फक्त परात उचलून बाहेर नेली. आणि मेमसाब बोटं चाटत म्हणाली, "व्हेरी नाइस, बिलकीस."

बिलकीस नुसती हसली. 'माझ्या जावेने केलंय' एवढं सांगायला काय जीभ झिजत होती?

डिसेंबरात साहेब सुट्टीवर निघाला. स्कॉटलंडात, खेड्यातल्या आईच्या घरी. मुलं बिलकीसला सोडेनात, म्हणून बिलकीस निघाली. ती एकटी जाईना, म्हणून अन्वरही निघाला.

खैरुन्निसाने विमानतळावर तिला मिठी मारली. सगळ्यांदेखत. घट्ट.

मग कार्डं यायला लागली. चित्रांची. बर्फाने पांढरा झालेला डोंगर. पडका किल्ला. लोकरीचा गोळा दिसावा असं मेंढरू. मागे अन्वरच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, आज कुठे फिरायला गेलो आणि काय खाल्लं. किल्ल्यावर सगळे मिळून थर्मासमधला चहा प्यालो. घरी आल्यावर शेकोटीपाशी कुस्करलेला बटाटा आणि शलगम. सकाळी ओटची लापशी, मीठ घालून.

मीठ घालून लापशी. त्यात ऐकण्यासारखं काय होतं? पण मैमुनाबी जेवताना कमरुद्दीनला प्रत्येक कार्ड पुन्हा वाचायला लावायची. शेजारची सुरैय्या चटई घेऊन ऐकायला यायची. आणि खैरुन्निसाचं कालवण ताटात थंड होऊन जायचं.

एका जुम्म्याच्या सुट्टीला सगळे लॉरीतून शहराबाहेरच्या खजुरीच्या बागेत गेले. हवा छान, गार. खैरुन्निसाने देगभर बिर्याणी नेली होती. पहिला घास घेऊन सुरैय्या म्हणाली, "आपली बिलकीस आत्ता बर्फात जेवत असेल, नाही?"

देग रिकामी झाली. बिर्याणीचं नाव कुणी काढलं नाही.

आणि मग बरात आली.

त्यांच्या घरची रीत जुनी. बरातीला, आणि थोडक्यात दर जुम्मेरातीलाही, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचं ताट मांडायचं. त्याच्या आवडीचं, एका रांगेत. सासऱ्यांचं सुरमईचं कालवण. आजेसासूची खीर. मैमुनाबीची लहानपणीच गेलेली मुलगी, तिचा हलवा. ऊद जाळायचा. कमरुद्दीन डोळे मिटून फातेहा पढायचा, आणि ताटं मांडणारी बाई एकेक नाव सांगायची.

त्या दुपारी मैमुनाबी म्हणाली, "खैरू, सांदणं पण कर गं. बिलकीसला आवडतात. तिकडचं मटण आपल्याला चालत नाही, पोर उपाशी राहत असेल. तिच्या नावाचा वाटा काढून ठेव."

घरात नसलेल्या माणसाचाही वाटा.

खैरुन्निसाने नारळ खवला. दूध काढलं. तांदळाची सांदणं वाफवली. बिलकीसचं ताट फळीवरून काढलं. पांढरं, तामचिनी, निळ्या काठाचं. त्यात सांदणं ठेवली, वर नारळाचं दूध घातलं.

ते फळीवर झाकून ठेवायचं होतं.

ती क्षणभर थांबली...

आणि तिने ते रांगेच्या टोकाला सरकवलं. गेलेल्यांच्या रांगेत.

बस्स. एवढंच. कुणाला कळणारही नव्हतं.

कमरुद्दीन डोळे मिटून बसला. खैरुन्निसाने सासऱ्यांचं नाव सांगितलं. आजेसासूचं. मुलीचं. मग ती गप्प झाली. "आणखी?" त्याने विचारलं. दर वर्षी विचारायचा तसंच.

तिने नाव घेतलं नाही. घेतलं नाही, असंच ती पुढे जन्मभर सांगायची.

मगरीबची अजान झाली. कमरुद्दीन मशिदीत गेला. मैमुनाबी पलीकडच्या खोलीत नमाजाला उभी राहिली. खैरुन्निसा दार लोटून अंगणात हात धुवायला गेली.

आतून आवाज आला...

ताटावर बोटं फिरावीत तसा. शेवटचा घास निपटून घेताना होतो, तसा.

ती आत आली.

खोलीत कुणी नव्हतं. कालवण जसंच्या तसं. खीर तशीच. हलव्याला कुणी हात लावला नव्हता.

निळ्या काठाचं ताट मात्र रिकामं होतं. लख्ख.

मांजर, ती मनाशी म्हणाली. मग चटईवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

चटई ओली होती... आणि बर्फाच्या फॅक्टरीतल्या लादीसारखी गार.

बिलकीस परतली तेव्हा रमजान लागला होता. अंगावर मेमसाबने दिलेला लोकरी कोट. गल्लीतल्या बायका इफ्तारीला त्यांच्याच घरी. बिलकीस मध्ये बसायची आणि सांगत राहायची. किल्ला, डोंगर, मेंढरं, शेकोटी. सगळ्या तोंड उघडं ठेवून ऐकायच्या.

खैरुन्निसा ऐकत नव्हती. ती बिलकीसच्या हातातला खजूर बघत होती.

अजान झाली की बिलकीस खजूर उचलायची. बोलत राहायची. बाकीचे उठेपर्यंत खजूर हातातच असायचा. मग हळूच वाटीत परत जायचा.

रोज.

पहाटे सहरीला ती आधीच जेवून घेतलं म्हणायची. रोज्याच्या महिन्यात दिवसा कोण खातं? कुणाला काय कळणार? कळलं ते फक्त जिच्या नजरेला तराजू होता तिला. आणि आणखी एक कळलं. बिलकीस उठली की तिच्या जागी चटई दमट असायची.

एका संध्याकाळी खैरुन्निसाने सगळ्यांसमोर विचारलंच. बरातीच्या दिवशी कुठे फिरायला गेला होतात? त्या दिवसाचं कधी सांगत नाहीस.

बिलकीस हसली. अन्वर मात्र हातातला ग्लास ठेवून उठला. "यल्ला, चला भाईजान, नमाजाच्या जमातीला उशीर होईल."

त्या रात्री कमरुद्दीनने भावाला खोदून विचारलं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या बायकोला सांगितलं.

त्या दिवशी ते सगळे तळ्यावर गेले होते. तळं गोठलेलं. काठावरच्या खानावळीत जेवले. सुपापासून सगळ्यात मांस होतं, त्यामुळे बिलकीस रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली. जेवणानंतर साहेबाचा धाकटा बर्फावर पळाला. बिलकीस त्याच्यामागे. मुलगा सुखरूप परतला.

बर्फ बिलकीसच्या पायाखाली फुटला.

तिला बाहेर काढायला फार वेळ लागला. गावच्या डॉक्टरने तपासलं आणि अंगावर चादर ओढली. तोंडावरूनसुद्धा. अन्वर शेजारी बसून कलमा पढत होता.

मग चादर हलली...

"उठून बसली," कमरुद्दीन पुटपुटला. "तोंड पुसलं तिने. आणि अन्वर म्हणतो, तिच्या तोंडाला नारळाचा वास येत होता. तिकडे कुठला आलाय नारळ?"

अंधारात खैरुन्निसा एकच ताळा पुन्हा पुन्हा मांडत होती.

ताट आधी मांडलं... की बर्फ आधी फुटला?

तिने जावेला तिकडे ढकललं होतं, की तिकडून ओढून आणलं होतं?

ईदच्या सकाळी बिलकीस स्वयंपाकघरात आली. दोघीच होत्या. बिलकीसचा आवाज मऊ होता, नेहमीसारखा.

"भाभी, त्या दिवशी फार भूक लागली होती. तुम्ही वाढलंत, म्हणून जेवले."

खैरुन्निसाचा हात थांबला.

"आता दुसरं काही गळ्याखाली उतरत नाही. जुम्मेरातीला माझं ताट तसंच मांडत जा. त्या रांगेत."

ना राग, ना टोमणा. मीठ मागावं तसं.

तेव्हापासून दर जुम्मेरातीला खैरुन्निसा सांदणं करू लागली. दार लोटून घ्यायची, आणि दाराबाहेर उभी राहायची. आतून बोटांचा आवाज यायचा. मैमुनाबी सगळ्या गल्लीला सांगायची, जावांनी असावं तर असं, धाकटीसाठी थोरली किती करते. आणि लगेच पुढे म्हणायची, बिलकीसचा स्वभावच असा गोड, कुणालाही करावंसं वाटेल.

म्हणजे शाबासकीसुद्धा तिकडेच.

उन्हाळा आला. गल्लीतली पोरं गारव्यासाठी बिलकीसजवळ जाऊन बसायची. मेमसाबने तिला कुडत्याचं कापडही दिलं. खैरुन्निसा धुमसत राहिली. आणि एका जुम्मेरातीला ताटं घासताना-पुसताना तिच्या मनात आलं... आज नाही मांडलं तर?

तिने निळ्या काठाचं ताट फळीवरून काढलंच नाही.

कमरुद्दीन येऊन बसला. ऊद पेटला. खैरुन्निसा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि उंबऱ्यातच थबकली.

निळ्या काठाचं ताट रांगेत होतं.

त्याच्या शेजारी आणखी एक.

तिचं स्वतःचं. कडेला टवका उडालेलं. त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. तिच्या आवडीची. ही तिची आवड घरात आजवर कुणी विचारलीसुद्धा नव्हती.

दाराशी बिलकीस बसली होती. ओढणीचं टोक ओलं.

"एकटीला जेवण जात नाही, भाभी," ती म्हणाली. "आणि तुमचं तरी कुणी वाढलंय कधी?"

कमरुद्दीनने डोळे मिटले होते. त्याने वडिलांपासूनची सगळी नावं ऐकून घेतली. मग नेहमीसारखं विचारलं...

"आणखी?"

खैरुन्निसाने तोंड उघडलं.

तिने काय सांगितलं ते कमरुद्दीनलाही मरेपर्यंत नीट आठवलं नाही. त्या संध्याकाळी लोटलेल्या दाराआड दोन ताटं निपटल्याचा आवाज आला, असं मैमुनाबी म्हणायची.

खैरुन्निसा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. नात्यातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदला ती आणि बिलकीस पदर खोचून सगळ्यांना आग्रहाने वाढत फिरायच्या. त्या दोघींना जेवताना कुणी पाहिल्याचं मात्र आठवत नाही.

वाढणारीने खाल्लं की नाही, हे आमच्या घरात बघणारी एकच होती.

आणि ती स्वतःच वाढत होती.