डोळ्यांची उंची

"काका, हे चित्र माझं नाहीये!" चंदू ओरडला.

"मोठे कलावंत असेच नम्र असतात," असं म्हणून कुंडलिककाका खुर्च्या लावायला निघून गेले.

कुंडलिककाका चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी. घाटकोपरच्या त्या चाळीत दर महाराष्ट्र दिनाला सत्यनारायण, मुलांचं चित्रप्रदर्शन आणि पाहुण्यांचं भाषण असायचं. यंदा काकांनी सगळी चित्रं खळ लावून जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली. काम इतकं पक्कं झालं, की चित्रांच्या पाठीमागे लिहिलेली नावं कायमची आत गेली. मग काकांनी अंदाजाने नावं वाटून टाकली. चंद्रप्रकाश ऊर्फ चंदूच्या वाट्याला पहिल्या नंबराचं चित्र आलं.

"तुझं चित्र कुठलं मग?" त्याच्या मित्राने, लवूने विचारलं.

"तो आंबा. मीराच्या नावावर लागलाय."

"तो आंबा आहे? मला वाटलं, पोटात दुखणारी कोंबडी!"

"गप रे!" शुभा म्हणाली. शुभा नववीत गेली होती. यंदा ती इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार होती, म्हणून सुट्टी लागल्यापासून ती या दोघांना यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, शिकवत होती. त्यांना शिकायचं आहे का, हे तिने विचारलं नव्हतं.

तिघं बक्षिसाच्या चित्रापुढे उभे राहिले. चाळीचं अंगण. दोन्ही बाजूंना चाळीचे दोन हात, समोर फाटक, अंगणात लगोरी खेळणारी तीन पाठमोरी मुलं. आणि या सगळ्यावरून कागदभर ओढलेल्या उभ्या काळ्या पट्ट्या. परीक्षक म्हणाले होते, ही आधुनिक कला आहे, पट्ट्या म्हणजे शहरातला एकटेपणा. परीक्षक काहीही बोलत. कधीकधी ते खरं निघे.

"चाळीतल्या सगळ्या पोरांना विचारलं. कुणीच नाही काढलेलं," चंदू म्हणाला. "आणि संध्याकाळी हे पाहुण्यांना भेट जाणार! शाल-नारळाचा खर्च वाचवायचाय मंडळाला. मग ज्याचं आहे त्याला कधीच परत मिळणार नाही, यार!"

शुभा चित्राजवळ गेली. "लवू, खराट्याच्या दोन काड्या आण!"

"झाडायचंय?"

"आण ना रे!"

काड्या आल्या. शुभाने एक काडी चित्रातल्या छपराच्या कडेवर धरली, दुसरी चाळीच्या जोत्यावर. "बघा. वरच्या रेषा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात. आणि सगळ्या एकाच बिंदूत भेटतात."

"आमचे बाबा आणि शेजारचे राणे कधी भेटणार?" लवूने विचारलं.

"तो बिंदू," शुभा त्याच्याकडे दुर्लक्ष करून म्हणाली, "चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांच्या बरोबर समोर असतो. आणि तेवढ्याच उंचीवर!"

काड्या भेटल्या त्या फाटकापलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या पाटीवर.

"म्हणजे पाटीच्या बरोबर समोर जो होता, त्याने काढलं!" चंदू उडालाच. "पाटी पहिल्या मजल्याच्या उंचीवर आहे. फाटकासमोरच्या गॅलरीत चला!"

तिघं जिन्यावरून धडधडत वर गेले. चंदू त्या गॅलरीतून पाटीकडे बघत एकेक खोली ओलांडत चालला. पाटी बरोबर समोर आली आणि तो थांबला. बाकीचे दोघंही थांबले.

ती शांताबाईंची खोली होती.

बाहेर भिंतीला एक रिकामी खाट उभी केलेली होती. शांताबाईंची शकु दिवाळीपासून त्या खाटेवर असायची. छातीचा आजार. मोकळी हवा लागते म्हणून तिला गॅलरीत झोपवायचे. तिच्याकडे जायचं नाही, असं प्रत्येकाच्या आईने बजावलं होतं. मुलं एरवी कुणाचंच ऐकत नसत. एवढं मात्र ऐकलं होतं. होळी झाली आणि शकु गेली.

"पण उंची जमत नाही," शुभा हळू आवाजात म्हणाली. "उभं राहिलं की डोळे पाटीच्या वर जातात."

चंदूने खाट आडवी केली, कठड्याला लावली आणि तो तिच्यावर आडवा झाला.

कठड्याचे उभे गज त्याच्या डोळ्यांपुढे आले. काळे, थेट वरपर्यंत. त्यांच्यामधून अंगण, फाटक, पाटी. चित्रात होतं तसंच.

"गज आहेत रे ते," तो म्हणाला. "पट्ट्या नाहीत."

"आणि ती तीन पोरं?" लवूने विचारलं. मग त्याला स्वतःच्या चड्डीवरचं ठिगळ आठवलं. चित्रातल्या एका मुलाला तेच ठिगळ होतं.

तेवढ्यात दार वाजलं. शांताबाई बाहेर आल्या. खाटेवर कुणीतरी पोर झोपलेलं बघून त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

चंदू ताडकन उठला. "मावशी, आम्ही... खाली शकुचं चित्र लागलंय!"

"शकुचं? तिचं काही उरलं नाही रे. कुंडलिकभाऊ म्हणाले, आजार पसरेल, कागदसुद्धा ठेवू नका. सगळं जाळलं मी." त्यांनी चौकट सोडली. "कसलं चित्र?"

चंदू उत्तर द्यायला थांबला नाही. तो खाली धावला. दोघं त्याच्यामागे.

मंडपात कुंडलिककाका माइकला हॅलो हॅलो म्हणत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "असेल. होळीच्या आधी प्रत्येक खोलीतून चित्रं गोळा केली, तेव्हा तिनंही दिलं असेल. कुठं लक्षात राहतं? आता बदल नाही. पाहुणे निघालेत."

"बरं काका," चंदू शांतपणे म्हणाला. "मग बक्षीस घेताना मी स्टेजवर पाहुण्यांना एक चित्र काढून दाखवतो. आंब्याचं."

काकांनी प्रदर्शनातल्या आंब्याकडे पाहिलं. मग माइक बंद केला. "काय हवंय तुला?"

"वर चला. आणि खाटेवर झोपा."

कडक इस्त्रीच्या झब्ब्यासकट काका झोपले. शुभाने चित्र त्यांच्यासमोर धरलं. चित्रातल्या पट्ट्या आणि गॅलरीचे गज एकमेकांना जुळले. शांताबाई दारातून बघत होत्या. काका जरुरीपेक्षा जास्त वेळ पडून राहिले. उठल्यावर त्यांनी पुठ्ठ्यावरची चंदूच्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, चित्र शांताबाईंच्या हातात दिलं आणि मान खाली घालून ते जिना उतरले.

पाहुण्यांना पूजेतला नारळ मिळाला. माइकवरून काकांनी तिन्ही मुलांची नावं घेतली, एवढ्याशा वयात केवढी ही हुशारी म्हणाले, आणि शेवटी शकुचं नाव घेतलं. मंडपभर टाळ्या झाल्या. पाहुणेही म्हणाले, अशी मुलं घरोघरी हवीत.

तिघं वरच बसले होते. टाळ्या ऐकून कुणीच मान वर केली नाही.

शांताबाईंनी चित्र मांडीवर घेतलं होतं. त्यांनी एका पाठमोऱ्या मुलीवर बोट ठेवलं. "ही वेणीवाली?"

"मी," शुभा म्हणाली.

"हा ठिगळवाला लवू. आणि हा तू. त्या दिवशी कोण जिंकलं होतं रे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच आठवेना.

"लवू हरला होता," शांताबाई म्हणाल्या. "फसवाफसवी करूनही! चेंडू लागला होता त्याला, पण नाहीच म्हणाला. मग तू रुसून फाटकाशी जाऊन बसलास आणि ही तुला समजवायला आली. मी कामावरून आले की शकु रोज सांगायची मला. इतकी हसायची, की खोकला यायचा."

त्यांनी चित्र नीट धरलं आणि पुढच्या दिवसाचा खेळ सांगायला घेतला. मुलं आपलाच खेळ ऐकत बसली.